भडंगाच्या पाकिटाची मागची बाजू

खाऊच्या पाकिटामागे पोषणाचा जो तक्ता असतो, त्यातल्या ग्रॅममधल्या आकड्यांत बहुधा सगळ्यात मोठा असतो तो कर्बोदकांचा. आणि सहसा तोच आकडा कुणी मोजलेला नसतो. प्रयोगशाळेत नमुन्यातला ओलावा मोजतात, नमुना जाळून मागे उरलेली राख मोजतात, स्निग्धांश वेगळा काढून तोलतात. प्रथिनांसाठी नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. या चारांची बेरीज शंभरातून वजा करायची आणि उरेल ते कर्बोदकं म्हणून लिहायचं. आमच्या भडंगाचा पहिला अहवाल पुण्याहून आला, तेव्हा मी रात्री वही घेऊन बसले. ओलावा ४, राख ३, प्रथिनं १०, स्निग्धांश २१. शंभरातून हे गेले, राहिले ६२. मग ऊर्जा. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४ किलोकॅलरी देतात, स्निग्धांश ९. म्हणजे ४० अधिक २४८ अधिक १८९, बेरीज ४७७. अहवालातही ४७७ च होतं. तो हिशेब माझ्या हाताने जुळला आणि त्या दिवसापासून कुठलंही पाकीट हातात आलं की मी ते वाचल्याशिवाय ठेवत नाही.

आम्ही सांगलीत खणभागात राहतो आणि घरीच भडंग करतो. सासूबाईंनी सुरू केलेला उद्योग आहे. आधी ओळखीपाळखीत, मग गल्लीतल्या दुकानात, सुटं, किलोवर. पुढे विश्रामबागेतले आणि मिरजेतले दुकानदार म्हणायला लागले, सीलबंद पाकीट द्या, मागे सगळं छापलेलं द्या, तरच ठेवतो. सासूबाईंना ते पटेना. "भडंगाच्या मागं काय लिहायचं असतंय गं? खाऊन बघा म्हणावं की," असं त्यांचं म्हणणं. लेबलाचं काम माझ्याकडे आलं. मी बी.कॉम. झालेली, विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतचा. पण नियम वाचले, अहवाल वाचले, पाकीट छापणाऱ्यांशी आणि माल नेणाऱ्यांशी बोलले, आणि लक्षात आलं की पाकीट कसं वाचायचं हे ते लिहायला बसल्यावरच नीट कळतं. समोरच्या बाजूवर काय मोठं छापायचं हे बरंचसं विकणारा ठरवतो. मागच्या बाजूवर काय हवंच, हे कायदा ठरवतो. आणि मागच्या बाजूला लोक जिथे घाबरून बोट ठेवतात तिथे बहुतेकदा घाबरण्यासारखं काही नसतं. ज्या आकड्यांकडे खरंच बघायला हवं, त्यांच्यावरून नजर सरळ निघून जाते.

पहिल्यांदा घटकांची यादी. ती मनाला येईल तशी लिहीत नाहीत. माल तयार करताना ज्याचं वजन सर्वांत जास्त ते पहिलं, मग उतरत्या क्रमाने. यात वजन हा शब्द फार महत्त्वाचा आहे. भडंगाची कढई बघितली तर डोळ्यांना चुरमुरेच चुरमुरे दिसतात. त्यातून शेंगदाणे डोकावतात, तेल तर दिसतही नाही. पण भडंगाचे जाड चुरमुरे वजनाला हलके, पोतं एका हाताने उचलावं असे. आमच्या शंभर ग्रॅम मालात ढोबळ मानाने ६० ग्रॅम चुरमुरे, २० ग्रॅम शेंगदाणे आणि १२ ग्रॅम शेंगतेल असतं. उरलेल्या थोड्याशा जागेत लसूण, तिखट, मीठ, साखर, धने, लिंबूसत्त्व, कढीपत्ता आणि हळद. म्हणून आमच्या यादीत तेल तिसरं येतं. दुकानदारच काय, आमच्या घरातल्यांनाही ते वाचून आश्चर्य वाटलं. हळद सगळ्यात शेवटी येते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, भडंगाचा सगळा रंग तिचा, आणि यादीत तिचा नंबर शेवटचा. वजनाची यादी अशीच असते, तिला रंगरूप कळत नाही.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, यादी लांबलचक असली तरी पहिली तीन नावं वाचा. बटाट्याचे वेफर्स घेतले तर बटाटा, तेल, मग मसाला. साध्या गोड बिस्किटात मैदा, साखर आणि पामतेल. पाकीट कितीही रंगीत असो, पोटात जाणारा मुख्य माल तोच. साखरेच्या बाबतीत मात्र थोडं जपून वाचावं लागतं. एकाच यादीत साखर, पुढे लिक्विड ग्लुकोज, आणखी पुढे इन्व्हर्ट सिरप अशी तीन नावं असू शकतात. वेगवेगळी लिहिल्यामुळे प्रत्येक नाव खाली सरकतं, आणि सगळी मिळून कदाचित वरच्या नंबरची असती. नियमाच्या दृष्टीने यात काही चूक नाही. वाचणाऱ्याने मनात बेरीज करायची.

आमच्या पाकिटाचं चित्र काढणाऱ्या मुलाने समोर लसणाचे मोठे गड्डे काढले होते. दिसायला छान. पण नियम असा की नावातून किंवा चित्रातून एखादा पदार्थ ठळक केला, तर तो किती टक्के आहे हे लेबलवर द्यावं लागतं. आम्ही लसणापुढे ३ टक्के लिहिलं. हा नियम कळल्यापासून मी बहुधान्य म्हणून विकली जाणारी बिस्किटं आणि नाचणीचे म्हणवणारे चिप्स नव्याने वाचायला लागले. समोर ज्वारी-नाचणीची कणसं आणि मागे नाचणी पीठ ४ टक्के, राजगिरा १ टक्का, आणि सगळ्यांच्या वर मैदा, असंही सापडतं. नाचणी आहे हे खोटं नाही. पण जी आई मुलाच्या डब्यात नाचणी जावी म्हणून चार पैसे जास्त देते, तिने तो टक्का बघूनच पैसे द्यावेत. पाकीट मैद्याचं असेल तर ते मैद्याचं पाकीट म्हणून घ्यावं.

आता मीठ. याच्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या घरात मामंजींना रक्तदाब आहे आणि घरातली भाजी-आमटी कधीपासून कमी मिठाची होते. तक्त्यात मीठ नावाची ओळ नसते. असते सोडियमची, मिलिग्रॅममध्ये. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत मीठ, साधारण एक सपाट चमचा. आपल्याकडच्या लेबलवरची टक्केवारीही याच २,००० च्या आधाराने काढलेली असते. हा एक चमचा दिवसभराचा आहे. त्यात पोळीच्या कणकेतलं, भातातलं, लोणच्यातलं, सगळं आलं.

पहिल्या अहवालात आमच्या भडंगाचं सोडियम शंभर ग्रॅमला ११२० मिलिग्रॅम आलं. आम्ही कढईत घालतो त्या मिठाचा मी हिशेब केला तर तो एवढा होईना. चुरमुऱ्याच्या भट्टीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, तांदळाला मिठाचं पाणी लागतंयच की. त्याबिगर फुलायचं कसं?" उकडून वाळवलेल्या तांदळाला मिठाचं पाणी चोळतात, मग तापलेल्या वाळूत तो फुलवतात. म्हणजे कढईत पडण्याआधीच चुरमुऱ्यात मीठ मुरलेलं असतं. तेव्हापासून आम्ही वरून घालायचं मीठ टप्प्याटप्प्याने उतरवलं, लसूण आणि लिंबूसत्त्व थोडं वाढवलं. हळूहळू कमी केलं की जीभ कुरकुर करत नाही. आता सोडियम ९१० वर आहे. म्हणजे शंभर ग्रॅमला सुमारे २.३ ग्रॅम मीठ. अजून खाली न्यायचं आहे.

असं आधीच मुरलेलं मीठ पुष्कळ ठिकाणी असतं. खारी, टोस्ट, पाव, गोड बिस्किटं या सगळ्यांत मीठ असतं आणि शिवाय खाण्याचा सोडा, त्यातही सोडियम. जिभेला खारट लागत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रक्तदाबाच्या माणसाला आपण लोणचं-पापड बंद करतो आणि सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर टोस्ट देतो. टोस्टच्या पाकिटावरची सोडियमची ओळ एकदा वाचून बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के निघालं. तीन माणसांत एक. आपल्या प्रत्येक घराशी याचा संबंध आहे.

आता ज्या गोष्टीने मला खरं सांगायचं तर रागच आला, ती म्हणजे 'प्रति सर्व्हिंग'. तक्त्यात शंभर ग्रॅममागचे आकडे असतात, आणि एका वेळच्या खाण्यात दिवसाच्या गरजेपैकी किती टक्के जातं तेही असतं. पण एका वेळचं खाणं म्हणजे किती, हे ठरवतो माल करणारा. आमच्या पाकिटाचं रीळ छापायच्या वेळी मला सल्ला मिळाला, "ताई, सर्व्हिंग पंधरा ग्रॅम टाका, आकडे बारीक दिसतात." मी हिशेब केला. पंधरा ग्रॅम धरलं तर सोडियम दिवसाच्या ७ टक्के. तीस धरलं तर १४. आणि आमच्या घरात कांदा-कोथिंबीर घालून जी ताटली भरते, तिच्यात भडंगच पन्नास ग्रॅमच्या आसपास असतं, तिचे होतात २३ टक्के. दोनशे ग्रॅमचं आख्खं पाकीट दोघांनी गप्पा मारत संपवलं, तर पाकिटात मिळून ९१ टक्के. कढई तीच, घाणा तोच. पंधरा ग्रॅम भडंग म्हणजे लहान मुलाच्या दोन मुठी. तेवढं खाऊन हात झटकून उठलेला माणूस मी सांगलीत पाहिलेला नाही. आम्ही तीस ग्रॅम छापलं आणि खाली एक ओळ वाढवली, संपूर्ण पाकिटात किती. ती ओळ कुणी मागितली नव्हती. मला ती हवी होती.

पाकीट वाचताना म्हणूनच आधी निव्वळ वजन बघा, मग शंभर ग्रॅमचा रकाना बघा, आणि आपण खरंच किती खातो तेवढा हिशेब मनात करा. टक्क्यांच्या रकान्याकडे सगळ्यात शेवटी. दोन पाकिटांची तुलना करायची असेल तर शंभर ग्रॅमचाच रकाना धरायचा, कारण एकाची सर्व्हिंग वीस ग्रॅमची आणि दुसऱ्याची तीसची असू शकते. टक्के काढायला जो आधार घेतात तोही लक्षात ठेवण्यासारखा आहे: ऊर्जा २,००० किलोकॅलरी, एकूण स्निग्धांश ६७ ग्रॅम, त्यातले संपृक्त (सॅच्युरेटेड) २२, ट्रान्स २, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, सोडियम २,००० मिलिग्रॅम. हा हिशेब मोठ्या माणसाचा आहे. सहा वर्षांच्या मुलाने तेच पाकीट खाल्लं तर त्याच्यासाठी टक्के कितीतरी वाढतात, आणि ते कुठेच छापलेलं नसतं. मुलांच्या खाऊवर मोठ्यांचे टक्के वाचून समाधान मानू नका, एवढं कळकळीने सांगते.

तेलाबद्दल. माल नेणारे एक गृहस्थ आम्हाला नेहमी सांगायचे की पामोलिन वापरा, स्वस्त पडेल आणि माल टिकेल. दोन्ही खरं आहे. पामतेलात जवळपास निम्मा भाग संपृक्त स्निग्धांश असतो, पामोलिनमध्ये त्याहून थोडा कमी. याच संपृक्त भागामुळे ते लवकर खवट होत नाही. शेंगतेलात संपृक्त भाग एक पंचमांशाच्या आत असतो, म्हणून ते हवा-उजेड लागला की लवकर खवटतं. आम्ही शेंगतेलावरच राहिलो. त्यामुळे पाकीट महाग पडतं आणि आमची मुदतीची तारीख जवळची असते. दुकानदाराला ती परवडत नाही तेव्हा तो आमचा माल कमी ठेवतो. हे सोसूनही माझं मत बदललेलं नाही. आमच्या २१ ग्रॅम स्निग्धांशात संपृक्त ३.८ ग्रॅम आहे. पामोलिनमध्ये तळलेल्या वेफर्समध्ये शंभर ग्रॅमला एकतृतीयांशाच्या आसपास तेल असतं आणि संपृक्त १४-१५ ग्रॅमपर्यंत जातं. दिवसाचा आधार २२ चा, हे लक्षात घ्या.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पाकिटावर 'कोलेस्टेरॉल शून्य' असं ठळक दिसलं की माणसं निर्धास्त होतात. कुठल्याच वनस्पती तेलात सांगण्यासारखं कोलेस्टेरॉल नसतं. शेंगतेलात नाही, सूर्यफुलात नाही, पामतेलातही नाही. त्या शून्यावरून तेल बरं की वाईट, काहीच कळत नाही. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढायला संपृक्त आणि ट्रान्स स्निग्धांश जास्त कारण होतात, आणि त्यांच्या ओळी तक्त्यात त्याच्या शेजारीच असतात. तिकडे बघा. तसंच 'तळलेलं नाही, भाजलेलं आहे' याचं. भाजल्यावर तेल फवारता येतं, आणि भाजलेल्या खाऊतही स्निग्धांश वीस ग्रॅम निघू शकतो. आमचं भडंगसुद्धा तळलेलं नाही, फोडणीत परतलेलं आहे, आणि त्यात २१ आहे.

ट्रान्स स्निग्धांशाची गोष्ट मात्र आनंदाची. तेल थोडं घट्ट करून वनस्पती तूप करताना हा प्रकार तयार होतो आणि हृदयाला तो सगळ्यात वाईट. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेला-तुपातली त्याची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. नियमाने किती चांगलं होऊ शकतं याचं हे उदाहरण आहे. पण बेकरीतून सुटी घेतलेली खारी आणि नानकटाई यांच्यावर तक्ता नसतो. तिथे विचारावं लागतं, कशात केलंय. विचारायला लाजू नका, चांगला बेकरीवाला सांगतो. सुटं म्हणजे घरचं आणि घरचं म्हणजे हलकं, असा आपल्याकडे एक समज आहे. चौकातल्या गाड्यावरची भजी, फरसाणच्या दुकानातली शेव, आमचं किलोवर विकलं जाणारं जुनं भडंग, यातही तेल आणि मीठ तेवढंच होतं. फक्त ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

आता घटकांच्या यादीतल्या आकड्यांच्या नावांबद्दल, म्हणजे आयएनएस ३३०, ५००, ६३१ वगैरे. चव, रंग, टिकाऊपणा यांसाठी घालायच्या पदार्थांना दिलेले हे आंतरराष्ट्रीय नंबर. भिशीच्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक निरोप फिरतो की ६३१ म्हणजे डुकराची चरबी. ६३१ म्हणजे डायसोडियम आयनोसिनेट, चव वाढवणारा पदार्थ. तो मांस-मासळीपासूनही करता येतो आणि किण्वनाने, म्हणजे आंबवूनही. ज्या पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आहे, त्यात दूध, मध असे अपवाद सोडले तर प्राणिज पदार्थ चालत नाही, मग त्यातला ६३१ ही तसाच असावा लागतो. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, आपलं लिंबूसत्त्व, आमच्या भडंगातही आहे. ५०० म्हणजे सोड्याच्या वर्गातले क्षार, त्यातलाच एक आपला खाण्याचा सोडा. ३२२ लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं. ३१९ तेल खवट होऊ नये म्हणून घालतात आणि त्याला तेलाच्या किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ६२१ म्हणजे अजिनोमोटो म्हणून ज्याला लोक ओळखतात ते. त्यात सोडियम असतं, पण मिठाच्या एकतृतीयांशाहूनही कमी. या नंबरांचा इतका धाक बसलाय की त्यांच्या दोन ओळी वर लिहिलेलं मैदा, पामतेल, साखर, मीठ कुणाला दिसतच नाही. लांबलचक नंबर असलेली पाकिटं रोज खावीत असं मी म्हणत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी करा असंच सांगितलं आहे, आणि लेबल वाचा हेही. पण नंबर नाहीत म्हणून एखादं पाकीट चांगलं ठरत नाही. आमच्या पाकिटावर एकच नंबर आहे, आणि तरी त्यातलं मीठ तुम्हाला मोजून खावं लागेल.

साखरेच्या दोन ओळी असतात, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर. यातला फरक कळायला आपल्या जिल्ह्यातला बेदाणा बघा. तासगावचा बेदाणा घेतला तर एकूण साखर शंभर ग्रॅमला साठच्या पुढे, आणि घातलेली शून्य. ती सगळी द्राक्षातली, पाणी उडून घट्ट झालेली. 'साखर घातलेली नाही' हे अगदी खरं, पण मधुमेहाच्या माणसाने मूठभर खाऊन चालेल असा त्याचा अर्थ होत नाही. पिवळाधमक बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असतो, म्हणून पाकिटावर सल्फाइटचा उल्लेख दिसतो. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर तो द्यावाच लागतो. दम्याच्या माणसांनी ती ओळ जरूर वाचावी. बिस्किटांचं उलट असतं. तिथे जवळजवळ सगळी साखर वरून घातलेली, साध्या ग्लुकोज बिस्किटात शंभर ग्रॅमला वीस-पंचवीस ग्रॅम. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण हमखास तेच पुडे नेतो. मी हल्ली फळं नाहीतर भाजलेले फुटाणे नेते.

काही मसाल्यांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव येतं. पिष्टापासून केलेली ही पूड साखरेच्या ओळीत मोजली जात नाही, कर्बोदकांत जाते, आणि रक्तातली साखर मात्र भरभर वाढवते. मधुमेही माणसाने म्हणून साखरेच्या ओळीवर थांबू नये, एकूण कर्बोदकंही बघावीत.

इतकं सगळं वाचायला वेळ कुणाला आहे, असं मला दुकानात लोक विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे. चिलीमध्ये २०१६ पासून यावर एक उपाय लागू आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ऊर्जा, साखर, मीठ किंवा संपृक्त स्निग्धांश असेल तर पाकिटाच्या समोरच काळा अष्टकोन छापायचा आणि त्यात स्पष्ट लिहायचं, अमुक जास्त आहे. वाचता येत नसलेल्या माणसालाही काळे अष्टकोन मोजता येतात. तिथली घन पदार्थांची मर्यादा २०१९ पासून शंभर ग्रॅमला ऊर्जा २७५ किलोकॅलरी, सोडियम ४०० मिलिग्रॅम, साखर १० ग्रॅम, संपृक्त ४ ग्रॅम अशी आहे. मी आमचं भडंग त्याला लावून पाहिलं. ऊर्जेचा अष्टकोन बसला. सोडियमचाही बसला. संपृक्त ३.८ वर असल्याने थोडक्यात सुटलं, आणि ते केवळ शेंगतेलामुळे. साखरेचा नाही. आपल्याकडे २०२२ साली पाकिटावर तारे देण्याचा मसुदा आला होता. ताऱ्यांपेक्षा मला अष्टकोन बरे वाटतात. ताऱ्यांत शेंगदाण्याच्या प्रथिनांचे गुण मिळून मिठाचे अवगुण झाकले जाऊ शकतात, अष्टकोनात प्रत्येक गोष्टीचा हिशेब वेगळा राहतो. माझ्याच धंद्यावर दोन काळे शिक्के बसतील, विक्री कदाचित कमी होईल, हे मला माहीत आहे. तरी नियम आला तर मी तो पहिल्या दिवसापासून छापीन. सोडियम ४०० च्या खाली नेता येईल का, यासाठी भट्टीवाल्या काकांशी कमी मिठाच्या चुरमुऱ्यांबद्दल माझं बोलणं चालू आहे. ते म्हणतात फुलणार कमी, पण एक घाणा करून बघायला तयार आहेत.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या हातात आहे. नियमाप्रमाणे लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की पुरतं. मराठी हवी तर जास्तीची म्हणून छापता येते. सांगलीच्या बाजारात येणाऱ्या कितीतरी बायका मराठी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि खाऊचं पाकीट मात्र इंग्रजी म्हणून बाजूला ठेवतात. दिवाळीआधी आमचं नवं रीळ छापायला जाईल. त्यावर इंग्रजी तक्त्याशेजारी पूर्ण मराठी तक्ता आहे, अक्षर तेवढंच मोठं. सोडियमच्या ओळीखाली मिठाचं वजन ग्रॅममध्ये आहे आणि शेवटी आख्ख्या पाकिटाचे आकडे. छापणाऱ्यांनी सांगितलं की एवढ्या मजकुराला जागा करायची तर समोरचे लसणाचे गड्डे लहान करावे लागतील. मी हो म्हटलंय. तुमच्यापैकी कुणी घरगुती चिवडा, शेव, लाडू पाकिटात घालून विकत असाल आणि मराठी तक्ता कसा मांडायचा ते हवं असेल, तर माझा मसुदा मी तसाच्या तसा द्यायला तयार आहे; आकडे मात्र तुमच्या मालाचे, तपासून घेतलेले घाला.